पडद्यांची स्वच्छता

पडद्यांची स्वच्छता म्हणजे घराच्या दारे-खिडक्यांवर टांगलेल्या कापडी पडद्यांवरील धूळ, तेलकट थर, डाग व बुरशी हे कापडाची वीण, रंग आणि माप यांना धक्का न लावता काढून टाकण्याची प्रक्रिया होय. अंगावरच्या कपड्यांच्या तुलनेत पडदे क्वचित धुतले जातात. मात्र ते सतत ऊन, धूळ आणि स्वयंपाकघरातील वाफ यांच्या संपर्कात असतात. त्यामुळे त्यांचे धागे वरून धडधाकट दिसत असले तरी आतून कमकुवत झालेले असू शकतात. धुताना पडदे फाटणे, आटणे किंवा त्यांचा रंग जाणे यामागे बहुधा हेच कारण असते. महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यात, पडदे धुण्याचे काम घटस्थापनेपूर्वीच्या वार्षिक साफसफाईशी जोडलेले आहे. बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत या कामाला पाण्याची उपलब्धता, भूजलाचा जडपणा आणि जलाशयावरील सुरक्षितता असे आणखी पैलू आहेत.

नाव व व्याप्ती

'पडदा' हा शब्द मराठीत फारसीतील 'पर्दा' या शब्दावरून आला. घरगुती वापरात दाराचा पडदा, खिडकीचा पडदा, आतील पातळ जाळीदार पडदा आणि प्रकाश पूर्ण अडवणारा अस्तराचा पडदा असे प्रकार आढळतात. बाजारात तयार पडदे साधारणपणे खिडकीसाठी ५ फूट, दारासाठी ७ फूट व उंच दारासाठी ९ फूट लांबीचे मिळतात. ग्रामीण भागात जुन्या साडीचा पडदा शिवण्याची किंवा साडी नुसतीच दोरीवर ओवून पडदा करण्याची पद्धत रूढ आहे. बांबूच्या चिका, वाळ्याचे पडदे व प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे पडदे यांची सफाई कापडी पडद्यांहून वेगळी असल्याने ती या लेखाच्या कक्षेत येत नाही.

पडदे मळण्याची व झिजण्याची कारणे

पडद्यावर साचणारा मळ एकाच प्रकारचा नसतो. त्याचे ढोबळमानाने पुढील भाग पडतात.

- कोरडी धूळ: माती, कापडाचे तंतू व परागकण. काळ्या कापसाच्या जमिनीतील माती अतिशय बारीक कणांची व चिकण असते. कोरडी असताना ती झटकून निघते. ओली झाली की धाग्यांना चिकटून करडा थर धरते.
- तेलकट थर: फोडणीची वाफ, चुलीचा धूर, उदबत्ती व समईची काजळी. हा थर धुळीला धरून ठेवतो. केवळ पाण्याने तो निघत नाही.
- हाताचा मळ: दाराच्या पडद्यावर, हात लागतो त्या उंचीवर दिसणारा काळपट पट्टा.
- जैविक मळ: दमट भिंतीलगतची बुरशी, कोळ्यांची जाळी आणि धुळीतील सूक्ष्म किडे. या किड्यांची विष्ठा दमा व ॲलर्जी असलेल्या व्यक्तींना त्रासदायक ठरते.

मळापेक्षाही अधिक हानी ऊन करते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे तंतूंतील रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात. रेशीम व नायलॉन यांवर हा परिणाम लवकर होतो, कापसावर त्याहून सावकाश, तर काचेमागे टांगलेले पॉलिएस्टर तुलनेने अधिक काळ टिकते. खिडकीच्या पडद्याचा उन्हाकडील काठ धुताना आधी फाटतो, तो याच कारणाने. अशा वेळी दोष साबणाचा किंवा यंत्राचा नसून धागा आधीच जीर्ण झालेला असतो.

इतिहास व परंपरा

महाराष्ट्रातील गावगाड्यात कपडे धुण्याचे काम परीट करीत असत. परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक असून कामाच्या मोबदल्यात त्याला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते मिळे. जाडेभरडे व अतिमळके कापड खारवलेल्या पाण्यात भिजवून वाफेवर ठेवण्याच्या क्रियेस 'भट्टी लावणे' म्हणत. खार चरबी व तेल सुटे करतो आणि वाफेमुळे मळ सैल होतो, हे या पद्धतीमागील तत्त्व आहे. सुती कापडाला ही प्रक्रिया सोसते. रेशीम व लोकर खाराने खराब होतात. म्हणूनच रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी रिठ्याचा वापर होत असे. रिठ्याच्या फळाच्या गरात सॅपोनिन हे फेस देणारे द्रव्य असते आणि ते साबणाइतके अल्कधर्मी नसते. ग्रामस्वच्छतेचा संदेश देणारे संत गाडगेबाबा (जन्म २३ फेब्रुवारी १८७६) यांचा जन्म परीट कुटुंबात झाला होता. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान राबवले.

पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावकाने कापड स्वच्छ करण्याची पद्धत, म्हणजे ड्रायक्लीनिंग, एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्यवसाय म्हणून रूढ झाली. पॅरिसमधील झां-बाप्तिस्त जॉली यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. दिव्यातील तेल टेबलावरील कापडावर सांडले आणि तेवढाच भाग स्वच्छ झाल्याचे त्यांच्या लक्षात आले, अशी आख्यायिका सांगितली जाते.

मराठवाड्यातील 'दसरा काढणे'

घटस्थापनेपूर्वी संपूर्ण घर झाडून-पुसून, अंथरुणे-पांघरुणे व कपडे धुऊन काढण्याच्या प्रथेला मराठवाड्यात 'दसरा काढणे' असे म्हणतात. पितृपक्षाच्या दिवसांत हे काम चालते व घट बसण्यापूर्वी संपवले जाते. गोधड्या, वाकळा, चादरी, सतरंज्या यांबरोबर घरातील पडदेही याच वेळी खाली उतरतात. धुण्याचे प्रमाण मोठे असल्याने घरच्या पाण्यावर ते उरकत नाही. त्यामुळे नदी, ओढा, विहीर, पाझर तलाव किंवा शेततळ्यावर धुणे नेण्याची पद्धत आहे.

वडवणी हे बीड जिल्ह्याच्या ११ तालुक्यांपैकी एका तालुक्याचे मुख्य ठिकाण असून ते बीड-परळी मार्गावर आहे. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा परिसर पर्जन्यछायेत मोडतो. पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, ओढे व तलावांत वर्षातील सर्वाधिक पाणी असते. दसऱ्याची धुणी याच काळात येतात, यात प्रथेइतकाच व्यवहाराचाही भाग आहे. मात्र परतीच्या पावसाचे हे दिवस असल्याने पाणी गढूळ असते, आभाळ भरून येते आणि जाड कापड वेळेत वाळत नाही.

बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे स्थलांतर करतात. मागे राहिलेली घरे पुढील काही महिने बंद असतात किंवा केवळ वृद्धांच्या व मुलांच्या भरवशावर असतात. बंद घरात पडदे टांगलेले राहिल्यास त्यांवर धूळ व जाळी साचतात. ते धुऊन पुरते न वाळवता घडी घालून ठेवल्यास त्यांना बुरशी लागते. म्हणून जाण्यापूर्वी पडदे धुऊन, पूर्ण कोरडे करून, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह पेटीत किंवा ट्रंकेत ठेवणे हितावह ठरते.

कापडाचे प्रकार व त्यांचे गुणधर्म

धुण्याची पद्धत ठरवताना कापडाचा तंतू कोणता, हा पहिला प्रश्न असतो.

- सुती: कापूस ओला असताना कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतो. त्यामुळे घासणे, पिळणे त्याला सोसते. मुख्य धोका आटण्याचा. विणताना ताणलेले धागे पाण्यात मूळ स्थितीत येतात. कापड आधीच यांत्रिक रीतीने आटवून घेण्याची 'सॅनफोराइझ' प्रक्रिया विसाव्या शतकात रूढ झाली. ती न केलेले हातमागाचे व खादीचे कापड पहिल्या धुण्यात अधिक आटते.
- तागाचे व जवसाच्या तंतूंचे: जवसाच्या तंतूचे कापड (लिनन) मजबूत पण लवकर चुरगळणारे असते. ताग (गोणपाट) ओला झाल्यावर कमकुवत होतो व त्याचा रंग पाण्यात उतरतो.
- रेशीम: प्रथिनमय तंतू. सोडा, तीव्र साबण व क्लोरीनयुक्त विरंजक यांनी त्याची हानी होते. बीड जिल्ह्यात तुतीची लागवड व रेशीमकोषांचे उत्पादन होत असले तरी घरगुती पडद्यांत शुद्ध रेशीम विरळ आहे. जुन्या रेशमी साड्यांपासून केलेले पडदे मात्र आढळतात. त्यांची जर पाण्याने व घामाने काळवंडते.
- हिमरू: छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील सूत व रेशीम यांच्या मिश्र विणीचे नक्षीदार कापड. मागील बाजूस मोकळे धागे असल्याने ते घासल्यास किंवा यंत्रात टाकल्यास ओढले जातात.
- रेयॉन व व्हिस्कोज: ओले असताना या तंतूंची जवळपास निम्मी ताकद कमी होते. सुकल्यावर ठणठणीत दिसणारा पडदा ओला पिळताना फाटतो तो बहुधा या प्रकारचा.
- पॉलिएस्टर: आटत नाही, लवकर वाळते, ऊन सोसते. मात्र तेलकट मळ धरून ठेवते आणि गरम पाण्यात पडलेल्या सुरकुत्या त्यात पक्क्या होतात. ४० अंश सेल्सिअसच्या आतील पाणी योग्य.
- ॲसिटेट: चमकदार व झुळझुळीत. नखांचा रंग काढण्याच्या ॲसिटोनयुक्त द्रवाने विरघळते.
- मखमल: उभ्या धाग्यांची लव दाबली गेल्यास कायमचे चट्टे पडतात. पाण्याऐवजी ब्रश व मागील बाजूने वाफ वापरतात.
- अस्तर लावलेले व प्रकाशरोधक पडदे: मागील लेप बहुधा ॲक्रिलिकचा असतो. पिळल्यास तो तडकतो आणि इस्त्रीने वितळतो.
- जाळीचे पडदे: आकड्यात अडकून फाटतात, उशीच्या अभ्र्यात किंवा जाळीच्या पिशवीत घालून धुतले जातात.

पडदा व अस्तर वेगवेगळ्या तंतूंचे असल्यास ते वेगवेगळ्या प्रमाणात आटतात व पडद्याला झोळ येतो. अशा वेळी दोहोंपैकी नाजूक कापडाची पद्धत दोहोंसाठी वापरावी लागते.

निगा चिन्हे

तयार पडद्याच्या शिवणीत बसवलेल्या पट्टीवर निगेची चिन्हे असतात. या चिन्हांच्या समान वापरासाठी १९६३ मध्ये पॅरिस येथे 'जिनेटेक्स' ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 'आयएसओ ३७५८' हे मानक याच चिन्हांवर आधारलेले आहे.

- पाण्याचे टप: धुण्याविषयी. त्यातील आकडा म्हणजे पाण्याचे कमाल तापमान. हाताचे चित्र म्हणजे केवळ हाताने धुणे. टपाखालील रेघ म्हणजे यंत्राची सौम्य फिरकी.
- त्रिकोण: विरंजकाविषयी.
- चौकोन: वाळवण्याविषयी.
- इस्त्री: एक ठिपका सुमारे ११० अंश, दोन ठिपके १५० अंश, तीन ठिपके २०० अंश सेल्सिअस.
- वर्तुळ: व्यावसायिक सफाईविषयी.

कोणत्याही चिन्हावरील फुली ती क्रिया टाळण्याची सूचना असते. सुट्या कापडातून शिवून घेतलेल्या पडद्यांवर अशी पट्टी नसते. त्यामुळे शिवतानाच कापडाचा प्रकार विचारून घेणे आणि शिवण्याआधी सुती कापड एकदा पाण्यातून काढणे उपयुक्त ठरते.

धुण्यापूर्वीची तपासणी

रंगाची परीक्षा आतील दुमडीवर घेतली जाते. पांढऱ्या सुती फडक्यावर साबणाचे पाणी घेऊन ते दुमडीवर एक-दोन मिनिटे दाबून धरतात. फडक्याला रंग लागल्यास तो पडदा वेगळा व थंड पाण्यात धुवावा लागतो. वस्त्रोद्योगात धुण्यातील रंगाचा पक्केपणा १ ते ५ आणि उन्हातील पक्केपणा १ ते ८ या श्रेणीत मोजतात. आकडा जितका मोठा तितका रंग पक्का.

आटण्याचा अंदाज सोप्या हिशेबाने बांधता येतो. ७ फुटी पडदा म्हणजे ८४ इंच. तो ३ टक्के आटल्यास सुमारे अडीच इंचांनी आखूड होतो व जमिनीपासून वर उचललेला दिसतो. म्हणून नवा सुती पडदा शिवताना खालची दुमड मोठी ठेवतात, म्हणजे गरज पडल्यास ती उसवून लांबी वाढवता येते.

धाग्याची ताकद पाहण्यासाठी उन्हाकडील काठ दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणला जातो. कापड चरकन विरले किंवा धागे सरकले, तर तो पडदा पाण्यात न घालता केवळ कोरडा साफ करणे योग्य. कड्या, आकडे, पिना व धातूच्या रिंगा काढून ठेवाव्या लागतात. गंजलेला आकडा कापडावर तांबूस डाग सोडतो. शिवून बसवलेल्या रिंगा काढता येत नसल्यास तेवढा भाग कापडात गुंडाळून बांधतात.

स्वच्छतेच्या पद्धती

कोरडी सफाई

पाण्यात घालण्यापूर्वी पडद्यावरील कोरडी धूळ काढणे ही सर्वांत महत्त्वाची आणि बहुधा टाळली जाणारी पायरी आहे. धुळीसह भिजवलेल्या पडद्यात मातीचे कण धाग्यांत खोल जातात. व्हॅक्यूम क्लीनर असल्यास मऊ ब्रश लावून वरून खाली फिरवतात. तो नसल्यास पडदा अंगणात दोरीवर टाकून उलट्या बाजूने हलकेच झटकतात. आठवड्या-पंधरवड्याने असे केल्यास पाण्याने धुण्याची गरज बरीच कमी होते. पाणीटंचाईच्या काळात हीच पद्धत मुख्य ठरते.

हाताने धुणे

पडदा सैलसर मावेल एवढ्या टपात कोमट किंवा साध्या पाण्यात सौम्य धुण्याची पावडर पूर्ण विरघळवून मग पडदा बुडवतात. सुती पडदा १५ ते २० मिनिटे, रंगीत वा नाजूक पडदा ५ ते १० मिनिटे भिजवणे पुरेसे असते; रात्रभर भिजत ठेवल्यास सुटलेला मळ व रंग पुन्हा कापडात बसतो. पडदा हाताने वरखाली दाबून धुतला जातो. दगडावर आपटणे किंवा धोपाटण्याने बडवणे जाड सुती कापडालाच सोसते. जाळी, रेयॉन, लेप दिलेले व उन्हाने जीर्ण झालेले पडदे त्याने फाटतात. पिळण्याऐवजी पडदा गुंडाळून दाबून पाणी काढणे सुरक्षित असते.

यंत्रात धुणे

यंत्राची क्षमता कोरड्या कपड्यांच्या वजनात दिलेली असते. पडदे वजनाने हलके असले तरी आकाराने मोठे असल्याने पिंप अर्धे ते पाऊण भरेल एवढेच घालावेत. सौम्य फिरकी, ३० ते ४० अंश तापमान व कमी वेगाचे पिळणे निवडतात. धुळीतील सूक्ष्म किडे मारण्यासाठी ६० अंशांचे पाणी लागते. मात्र ते पक्क्या रंगाच्या व आधीच आटलेल्या सुती पडद्यांपुरतेच योग्य ठरते.

वाफेने सफाई

मखमल व उतरवण्यास अवघड अशा जड पडद्यांवर टांगलेल्या अवस्थेतच वाफ दिली जाते. वाफेचे तोंड कापडापासून थोडे दूर ठेवून वरून खाली आणतात. वाफेने सुरकुत्या व वास जातो. तेलकट मळ मात्र निघत नाही.

ड्रायक्लीनिंग

रेशीम, मखमल, हिमरू व भारी अस्तराचे पडदे यासाठी देतात. या व्यवसायात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या परक्लोरोएथिलीन या द्रावकाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवासाठी संभाव्य कर्ककारक गटात (२अ) ठेवले आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधील त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. दुकानातून आणलेला पडदा वेष्टनातून काढून हवेशीर जागी काही तास टांगून मगच खोलीत लावावा, असा सल्ला त्यामुळे दिला जातो.

पाण्याचा प्रश्न

जड पाणी

दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरेचदा अधिक असतात. अशा जड किंवा दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस होत नाही. क्षारांशी संयोग होऊन चिकट पांढुरका साका तयार होतो व तो धाग्यांवर बसतो. विंधन विहिरीच्या पाण्याने धुतलेले पांढरे पडदे काही धुण्यांनंतर करडे व राठ होतात ते यामुळेच. भारतीय मानक 'आयएस १०५००' नुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, तर पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे.

जड पाण्यात साबणाच्या वडीऐवजी धुण्याची पावडर किंवा द्रव अधिक चांगले काम करतात. सुती पडद्यांसाठी पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवल्यास क्षारांचा साका खाली बसतो व वरचे निवळ पाणी वापरता येते. रेशीम व लोकरीसाठी हा उपाय वर्ज्य आहे. साठवलेले पावसाचे पाणी जड नसल्यामुळे पडदे धुण्यास उत्तम असते. अखेरच्या खंगाळण्यात पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर घातल्यास राठपणा कमी होतो.

टंचाईतील धुणे

मराठवाड्याने १९७२, २०१२-१३ व २०१५-१६ मध्ये तीव्र दुष्काळ अनुभवला. टँकरच्या पाण्यावर दिवस काढताना पडदे धुणे हे साहजिकच मागे पडते. धुणे अपरिहार्य असल्यास पाणी वाचवण्याचा मुख्य वाव खंगाळण्यात असतो, आणि तेथे एकाच वेळी भरपूर पाणी वापरण्यापेक्षा तेच पाणी विभागून वापरणे अधिक परिणामकारक ठरते.

उदाहरणार्थ, दाबून काढल्यावर पडद्यात २ लिटर साबणपाणी उरते असे मानले आणि खंगाळण्यासाठी १८ लिटर पाणी असले, तर सर्व पाणी एकदम वापरल्यास एकूण २० लिटर होऊन पडद्यातील साबण दहाव्या हिश्श्यावर येतो. तेच पाणी ६-६ लिटरचे तीन भाग करून, प्रत्येक वेळी पडदा दाबून, वापरल्यास दर वेळी साबण चौथ्या हिश्श्यावर येतो आणि तिसऱ्या खेपेनंतर मूळच्या चौसष्टाव्या हिश्श्याइतकाच उरतो. म्हणजे तेवढ्याच पाण्यात सहापटींहून अधिक स्वच्छ खंगाळले जाते.

शेवटच्या खेपेचे पाणी पुढील पडद्याच्या पहिल्या खंगाळण्यास वापरता येते. उरलेले पाणी फरशी पुसण्यास व शौचालयात उपयोगी पडते किंवा शोषखड्ड्यात सोडले जाते. विरंजक वा सोडा असलेले पाणी परसातील झाडांना घालू नये.

डाग

डाग काढताना तो बाहेरून आत, टिपत काढणे हा सर्वसाधारण नियम आहे; घासल्यास तो पसरतो व कापडाची लव उठते.

- हळद: साबण लागताच डाग लालसर होतो, कारण हळदीतील कर्क्युमिन अल्कधर्मी माध्यमात रंग बदलते. हा नवा डाग नसून खंगाळल्यावर तो पुन्हा पिवळा होतो. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नसल्याने धुतलेला ओला भाग उन्हात ठेवल्यास डाग फिका पडत जातो.
- चहा: लगेच साध्या पाण्याने, नंतर सौम्य साबणाने.
- रक्त: थंड पाणी. गरम पाण्याने त्यातील प्रथिने गोठून डाग पक्का होतो.
- तेल व काजळी: भांडी घासण्याच्या द्रवाचे थोडे थेंब, मग कोमट पाणी. काजळी आधी कोरडीच फुंकून वा झटकून काढावी.
- गंज: पांढऱ्या सुती कापडावर लिंबाचा रस व मीठ, नंतर भरपूर पाणी. रंगीत कापडावर प्रथम परीक्षा आवश्यक.
- मेण: गार झाल्यावर खरवडून, दोन्ही बाजूंना कागद ठेवून कोमट इस्त्री.
- बुरशी: पडदा घराबाहेर नेऊन कोरडा झटकावा, उन्ह द्यावे आणि मग धुवावा. घरात झटकल्यास बीजाणू पसरतात.
- गढूळ पाण्याचा वा चिखलाचा डाग: पूर्ण वाळू द्यावा, झटकावा आणि त्यानंतरच धुवावा.

वाळवणे, खळ व इस्त्री

रंगीत पडदे सावलीत व उलट्या बाजूने वाळवले जातात. पांढऱ्या सुती पडद्यांना ऊन चालते. पॉलिएस्टर व जाळीचे पडदे किंचित ओलसर असतानाच दांडीवर लावल्यास स्वतःच्या वजनाने सरळ होतात व इस्त्री लागत नाही. जड सुती पडदा पूर्ण ओला टांगल्यास मात्र लांबट ओढला जातो व दांडी वाकते. पांढऱ्या पडद्यांना नीळ देताना ती फडक्यात बांधून पाण्यात आधी नीट विरघळवावी लागते. अन्यथा निळे ठिपके पडतात. पातळ सुती पडद्यांना तांदळाची किंवा साबुदाण्याची पातळ खळ देण्याची पद्धत आहे. खळ दिलेल्या पडद्यांना दमट हवेत कसर व बुरशी लवकर लागते, म्हणून साठवणीत ठेवायचे पडदे खळीविना ठेवतात.

सुरक्षितता

जलाशयावर

घटस्थापनेपूर्वीच्या दिवसांत धुणे धुण्यास गेलेल्या महिला व मुले बुडून दगावल्याच्या घटना मराठवाड्यात घडल्या आहेत. भिजलेला मोठा पडदा किंवा गोधडी पाणी शोषून कित्येक पट जड होते आणि प्रवाहात वा उतारावर धरणाऱ्याला ओढून नेते. शेततळ्यातील प्लॅस्टिकचे अस्तर ओले झाल्यावर निसरडे होते. उताराला पकड नसल्याने पोहता येणाऱ्यालाही बाहेर पडणे कठीण जाते. त्यामुळे अस्तराच्या शेततळ्यात उतरून धुणे सर्वथा टाळावे व पाणी बादलीने वा पंपाने बाहेर काढून धुवावे. एकट्याने जाऊ नये, मुलांना काठावर सोडू नये. सुटलेले कापड धरण्यासाठी पाण्यात शिरू नये. बुडणाऱ्यास वाचवताना स्वतः उडी मारण्याऐवजी काठावरून दोर, साडी, पडदा किंवा लांब काठी फेकणे हा सुरक्षित मार्ग मानला जातो.

घरात

पडदे उतरवताना डळमळीत स्टूल किंवा खुर्चीवर चढून पडण्याचे अपघात होतात. स्थिर शिडी व ती धरणारी दुसरी व्यक्ती असावी आणि छताचा पंखा बंद असावा. क्लोरीनयुक्त विरंजक शौचालय साफ करण्याच्या आम्लात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू, तर अमोनियात मिसळल्यास क्लोरामाइन वायू तयार होतो. ही द्रव्ये कधीही एकत्र करू नयेत. डाग काढण्यासाठी घरात पेट्रोल वा रॉकेल वापरणे आगीस निमंत्रण देणारे आहे. धुतलेले पडदे चूल, शेगडी किंवा हीटरजवळ वाळवू नयेत आणि पुन्हा लावताना ते देवघरातील समई व गॅसच्या शेगडीपासून दूर राहतील, असे पाहावे. सुती पडदा भराभर पेटतो. पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटते व खोल भाजते.

वारंवारता

सर्वसाधारणपणे स्वयंपाकघरातील पडदे महिना-दोन महिन्यांनी, दाराचे पडदे दोन ते तीन महिन्यांनी आणि खोलीतील खिडक्यांचे पडदे वर्षातून दोन ते तीन वेळा धुणे पुरेसे मानले जाते. घरात दम्याचा रुग्ण असल्यास किंवा घर कच्च्या रस्त्यालगत असल्यास हा कालावधी कमी करावा लागतो. प्रत्येक धुण्यात कापडाची थोडी झीज होतेच. त्यामुळे नियमित कोरडी सफाई व मोजके धुणे यांतून पडदा अधिक काळ टिकतो.

हे सुद्धा पहा

- परीट
- रिठा
- हिमरू
- दसरा
- घटस्थापना
- वडवणी तालुका
- शेततळे
- शोषखड्डा
- ऊसतोड कामगार